ब्लिट्झमध्ये माझी शैली 'आक्रमक' आहे की नुसतीच घाई?

अडीचघर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. कालच्या पराभवानंतर राहवलं नाही.

चार वर्षं झाली, ऑनलाइन ब्लिट्झ, म्हणजे झटपट बुद्धिबळ, खेळतोय. लिचेस या साइटवर, ३+०, म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं आणि वाढीव सेकंद शून्य. आजवर नऊ हजारांच्या वर डाव झालेत. रेटिंग १५५० ते १६८० या पट्ट्यात येरझाऱ्या घालतं. १६८० ला पोचलो की दोन दिवसांत कोणीतरी कॉलर धरून परत खाली आणून सोडतं.

खेळ असा: पांढरी असली तर लंडन नावाची सुरुवात. डी४, उंट एफ४, ई३, उंट डी३, घोडा ई५ आणि मग हाताला लागेल ते घेऊन राजावर. काळी असली तर किंग्ज इंडियन ही सुरुवात. वजिरावजिरी झाली की डावातला माझा जीवच जातो. पहिल्या वीस चालींत बहुतेक वेळा मी वरचढ असतो. शेवटी मात्र हरतो, आणि बऱ्याचदा वेळेवर, म्हणजे वेळ संपून. एक मित्र म्हणतो, "तू खेळत नाहीस, फेकतोस." मी म्हणतो ही माझी शैली आहे.

तर प्रश्न असा, ही शैली तशीच ठेवून १८०० गाठता येईल का? की मुळापासून बदलावं लागेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा. "ब्लिट्झ सोड" हा सल्ला आधीच मिळालेला आहे, पुन्हा नको.

लंगडाहत्ती

नऊ हजार डाव? घरचे ओळखतात का अजून?

घड्याळजी

पहिली गोष्ट, ३+० सोडा आणि ३+२ घ्या. दर चालीला दोन सेकंद परत मिळतात. चाळीस चालींचा डाव झाला तर ८० सेकंद जास्त, म्हणजे जवळजवळ निम्मा डाव फुकटात. जागतिक ब्लिट्झ स्पर्धासुद्धा ३+२ वरच होते. तिथल्या लोकांना दोन सेकंद लागतात आणि आपल्याला लागत नाहीत, असं आहे का?

३+० मध्ये साठ चालींचा डाव म्हणजे चालीला सरासरी तीन सेकंद. तिथे शेवटी बुद्धिबळ उरतच नाही, माऊस कोणाचा चांगला हे ठरतं.

तिरकीचाल

थोडं कडू लिहितो, हलकं घ्या.

१६०० ला शैली नसते. १६०० ला सवयी असतात. "मी आक्रमक आहे" याचा अर्थ बहुतेक वेळा "मला एंडगेम (थोडे मोहरे उरल्यावरचा शेवटचा खेळ) येत नाही" एवढाच असतो. वजिरावजिरी झाली की जीव जातो हे तुम्हीच लिहिलंय. उद्या एखादा म्हणाला की माझी शैली गाणं अंतऱ्यापर्यंत न नेण्याची आहे, तर आपण काय म्हणू?

अडीचघर

@तिरकीचाल, लागलं. पण मग मिखाईल ताल काय होता? तोही मोहरे फेकायचाच की. गणित नंतर जमवू म्हणायचा.

तिरकीचाल

ताल मोहरे फेकायचा, पण परत कुठे गोळा करायचे ते त्याला दिसत असायचं. शिवाय तालला एंडगेम येत नव्हता असं तुम्हाला कोणी सांगितलं? विश्वविजेता होता तो, १९६० मध्ये बोटविनिकला हरवून.

आणि ब्लिट्झबद्दलच बोलायचं तर १९७० ची हर्सेग नोवीची स्पर्धा घ्या. पाच मिनिटांचे डाव, ताल, पेट्रोशियन, स्मिस्लोव्ह, कोर्चनॉय सगळे हजर. फिशरनं २२ पैकी १९ गुण केले. ताल दुसरा, १४.५ वर. साडेचार गुणांचं अंतर! फिशरच्या खेळात आतषबाजी म्हणाल तर बेताचीच. चांगल्या घरावर चांगला मोहरा, तो लगेच ठेवायचा आणि तिथून हलायचं नाही. गती तिथून येते. बोटं जोरात चालवून येत नाही.

प्यादेपती

असहमत. शैली प्रत्येक पातळीवर असते. माझी मुलगी १२०० ला आहे, तरी तिचा डाव नाव झाकून दाखवला तर मी ओळखीन. एक प्यादं मिळालं की ती उरलेलं सगळं बदलून टाकते, हिशेबनिसासारखी. मी तिचा बाप, मला दोन प्यादी जास्त असली तरी हल्लाच सुचतो. दोघांनाही शिकवणारा कोणी नाही. मग हे आलं कुठून?

अडीचघरसाहेब, शैली सोडू नका. ज्या डावात मन लागत नाही तो डाव माणूस नीट खेळत नाही.

वजीरबाई

शैलीवर चर्चा नंतर करू. कालचा हरलेला डाव सांगा. नुसता निकाल नको, कुठल्या चालीला किती वेळ गेला ते. डाव संपल्यावर विश्लेषणाच्या पानावर वेळेचा आलेख दिसतो, तो बघून लिहा. इंजिन (चाली तपासणारा संगणक) लावू नका आत्ता.

अडीचघर

@वजीरबाई, बघितलं. हा आलेख चार वर्षांत कधी उघडलाच नव्हता. :(

पांढरी माझ्याकडे होती, लंडन.
पहिल्या सहा चाली: १९ सेकंद.
१२ वी चाल: ४१ सेकंद. घोडा ई५ की एच४ हे ठरत नव्हतं. घोडा खेळलो.
१७ वी चाल: ३३ सेकंद. एच७ वर उंट टाकायचा होता. टाकला नाही, कारण एफ६ वर त्याचा घोडा होता.
२९ व्या चालीला मी दोन प्यादी वर, माझे २२ सेकंद, त्याचे ५८.
मग हत्तींचा एंडगेम. माझं ए प्यादं सुटलं होतं, ते ए७ पर्यंत नेलं. ४४ व्या चालीला वेळ संपली.

वजीरबाई

बघा, १९ अधिक ४१ अधिक ३३ म्हणजे ९३. फक्त आठ चालींत तुमचा अर्ध्याहून जास्त वेळ गेला. मधल्या एकवीस चालींना मिळून ६५ सेकंद. शेवटच्या पंधरा चाली २२ सेकंदांत, आणि जिंकायचा डाव नेमका तिथेच होता.

आता एकेक.

पहिल्या सहा चाली तुम्ही चार वर्षं रोज खेळताय. त्यांना १९ सेकंद का? सहा पुरेत.

१२ वी चाल. घोडा ई५ आणि एच४ दोन्ही चांगल्या असतील तर त्यातली कुठलीही खेळा! चांगली चाल आणि थोडी जास्त चांगली चाल यातल्या फरकासाठी ४१ सेकंद देणं म्हणजे लग्नाला निघताना कुठली चप्पल घालू यावरून मुहूर्त चुकवणं. वेळ तिथे द्यायचा जिथे एक चाल जिंकते आणि दुसरी हरते.

१७ वी. एच७ वरचा उंट ही पाठ असायची गोष्ट आहे. उंट टाकला, राजानं खाल्ला, घोडा जी५ वर शह, राजा जी८ ला परत, वजीर एच५ आणि एच७ वर माताची धमकी. यात तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या. एफ६ वर त्याचा घोडा आहे का? असेल तर तो घोडाच तुमचा उंट खाईल, आणि राजानं खाल्ला तरी वजिराला एच५ मिळणार नाही. जी५ वर त्याच्या उंटाची किंवा वजिराची नजर आहे का? आणि शेवटी, त्याला एच७ चं रक्षण करायला एखादा मोहरा, बहुधा उंट, एफ५ ला किंवा त्या तिरप्या रेषेवर आणता येतो का? पहिल्याच प्रश्नाला "आहे" असं उत्तर आलं की दोन सेकंदांत पुढच्या विचाराला लागायचं. तुम्ही ३३ सेकंद त्या घोड्याची समजूत काढत बसलात.

म्हणजे तुमच्या खेळात घाई नाहीच. उलट आहे. जिथे मजा वाटते तिथे तुम्ही रेंगाळता आणि त्याचं कर्ज एंडगेममध्ये फेडता.

एंडगेमची स्थिती सांगा. तुमचा हत्ती कुठे होता?

लंगडाहत्ती

"घोड्याची समजूत काढत बसलात" हे मी फ्रेम करून लावणार.

अडीचघर

प्यादं ए७, माझा हत्ती ए८, राजा जी२. त्याचा हत्ती ए१. त्याची प्यादी जी६ आणि एच५. राजा जी७ आणि एच७ यांत झोके घेत होता, मध्ये ३८ व्या चालीला एकदाच एफ७ वर आला.

वजीरबाई

हत्ती प्याद्याच्या पुढे! आपलं सुटलेलं प्यादं असेल तर हत्ती त्याच्या मागे, हे तार्राशच्या काळापासून लोक सांगतायत. पुढे ठेवला की हत्ती हलला की प्यादं गेलं, आणि नाही हलला तर घड्याळ चाललंय.

पण ३८ व्या चालीला तुम्ही जिंकला होतात. राजा एफ७ वर, जी७ मोकळं. हत्ती एच८! आता प्याद्याचा वजीर होणार. त्यानं हत्तीनं प्यादं खाल्लं तर तुमचा हत्ती एच७ ला शह, राजा हलला की मागचा हत्ती तुमचा. ही युक्ती ज्याला माहीत आहे त्याला विचार करावा लागत नाही, राजा एफ७ वर आला की हात आपोआप जातो.

अडीचघर

आई गं. मी तेव्हा राजा एफ३ ला नेला. का, ते आत्ता विचारू नका.

नुसताचवाचक

सहा वर्षं इथे वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. हत्ती एच८ ची युक्ती आत्ता पटावर मांडून बघितली. धाग्याचे पैसे वसूल.

घड्याळजी

वेळेचा विषय निघालाच आहे म्हणून एक अवांतर. परवा माझ्याकडे राजा आणि एक प्यादं होतं, समोरच्याकडे राजा आणि एकच घोडा. माझी वेळ संपली आणि मी हरलो! एकट्या घोड्यानं मात कशी होणार?

तिरकीचाल

@घड्याळजी, होते. एकट्या घोड्यानं एकट्या राजाला मात होत नाही. पण तुमचं स्वतःचं प्यादं तुमच्याच राजाची वाट अडवू शकतं. राजा कोपऱ्यात, शेजारी आपलंच प्यादं, बाहेरून घोडा. दोघांनी संगनमत केलं तर मात शक्य आहे, म्हणून फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमानं हार. लिचेस तोच नियम धरतं. समोर नुसता राजा उरला असता तर बरोबरी. प्यादं आधीच मारू दिलं असतंत तरी बरोबरी झाली असती.

घड्याळजी

म्हणजे मी एक प्यादं जास्त होतं म्हणून हरलो?

लंगडाहत्ती

मालमत्ता असली की भानगडी आल्याच.

उतावीळ_उंट

@अडीचघर, मीही लंडनवाला. पहिल्या सहा चालींचा वेळ वाचवायला प्रीमूव्ह (समोरच्यानं खेळायच्या आधीच आपली चाल लावून ठेवणं) वापरा असं कोणी सांगेल. ऐका, पण डोळे मिटून नाही. मी एकदा डी४, मग उंट एफ४ खेळून ई३ आधीच ठेवून दिली होती. समोरच्यानं पहिल्या चालीला डी६, दुसरीला ई५! माझं प्यादं शहाण्यासारखं ई३ वर जाऊन बसलं आणि त्यानं उंट उचलला. खरं तर त्याची ती चाल चूक होती. मी प्याद्यानं ई५ खाल्लं असतं, त्यानं परत खाल्लं असतं, वजिरावजिरी, आणि उंटानं ई५ वरचं प्यादं फुकट. पण हे बघायला मी पटावर होतो कुठे?

बिनधोक प्रीमूव्ह एकच, परत मारण्याची. आपला मोहरा मारला जाणार असं वाटलं की त्याच घरावर आपला दुसरा मोहरा आधीच सोडून ठेवायचा. त्यानं मारलं नाही तर चाल आपोआप रद्द होते, नुकसान काही नाही.

प्यादेपती

@उतावीळ_उंट, हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं मी तिथे हातानं मारत बसलोय.

पटावरचीधूळ

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. ब्लिट्झमध्ये आपण विचार करत नसतो, ओळखत असतो. चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली आणि आठवून मांडायला सांगितली. बुद्धिबळातल्या मास्तर मंडळींनी बहुतेक पट बरोबर मांडला, नवशिक्यांना जेमतेम चार-पाच मोहरे जमले. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, तर मास्तरही जवळपास नवशिक्यांइतकेच. म्हणजे स्मरणशक्ती मोठी नव्हती, ओळखीची चित्रे मोठी होती.

ही ओळख ब्लिट्झ खेळून वाढत नाही असे माझे निरीक्षण आहे. ब्लिट्झमध्ये ती खर्च होते. ती वाढते सावकाश कोडी सोडवून. आणि सोपी कोडी, अवघड नव्हेत. तीच शंभर कोडी महिन्याभराने पुन्हा, मग पंधरा दिवसांनी पुन्हा. तीन मिनिटांत जास्तीत जास्त कोडी उडवण्याचा खेळ वेगळा. तो बोटांचा व्यायाम आहे, वाईट नाही, पण त्याला अभ्यास म्हणू नये.

बुलेटराणी

ब्लिट्झ खेळून काही वाढत नाही हे पटत नाही. विश्वनाथन आनंद लहानपणी इतका भराभर खेळायचा की 'लाइटनिंग किड' नाव पडलं. २०१७ मध्ये ४८ व्या वर्षी जागतिक रॅपिड जिंकला आणि त्याच स्पर्धेत ब्लिट्झमध्ये ब्राँझ. गती हीसुद्धा एक कला आहे आणि ती खेळूनच येते.

पटावरचीधूळ

@बुलेटराणी, मान्य. पण आनंद हरलेला डाव पुन्हा मांडून बघत होता. नऊ हजार डाव खेळून आलेख एकदाही न उघडणारा आनंद आपल्याला माहीत नाही.

अडीचघर

घ्या, माझंच उदाहरण सगळीकडे.

रात्रपाळी

तांत्रिक गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या. मी माझा रोग सांगतो. "एक शेवटचा डाव."

एका रात्री ११० रेटिंग घालवलं. पहिला डाव जिंकलेला होता, माऊस घसरला आणि वजीर एक घर अलीकडे पडला. चूक नशिबाची. पण पुढचा डाव मी त्या माऊसचा सूड घ्यायला खेळलो. त्याच्या पुढचा त्याच्याही पुढच्यासाठी. दोन तासांनी मी चौदाव्या चालीला मोहरा देत होतो आणि समोरच्याला मनात शिव्या. सकाळी ते डाव बघितले तर आठव्या डावापासून पुढे मी एकाही चालीला पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबलो नव्हतो.

तेव्हापासून नियम आहे. लागोपाठ दोन हरले की टॅब बंद. तिसरा डाव उद्याचा. आठवड्यातून एकदा तरी हा नियम मोडतो, पण तो मोडताना कळतं तरी.

तिरकीचाल

+१. टिल्टमध्ये, म्हणजे हरल्याच्या रागात, खेळलेले डाव काढून टाकले तर इथल्या निम्म्या लोकांचं रेटिंग पन्नासनं वर जाईल. माझंही.

कटकट्या

समोरचे निम्मे लोक इंजिन लावून खेळतात हे कोणी बोलत का नाही? मी मागच्या आठवड्यात...

लंगडाहत्ती

@कटकट्या, आम्ही हरलो तेव्हा समोरचा इंजिन, आणि आम्ही जिंकलो तेव्हा आमची शैली. असंच ना?

वजीरबाई

तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या कृपया, नाहीतर इथे अडीचघर राहील बाजूला.

अडीचघर, गृहपाठ देते. लंडनच बघू नका, तो बरा आहे. हरलेले शेवटचे चाळीस डाव काढा आणि प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: वेळ, मोहरा, मात, एंडगेम. इंजिनची टक्केवारी नको. मग या.

अडीचघर

बरं. कागद-पेन घेऊन बसतो.

_(तीन आठवड्यांनंतर)_

अडीचघर

धागा वर काढतोय, माफी असावी.

चाळीस डाव बघितले. वेळ: १७. मोहरा फुकट दिला: १४. एंडगेम: ६. मात झाली: ३. ज्या १७ डावांत वेळ संपली त्यातल्या ११ मध्ये मी सरळ जिंकत होतो. आणि गंमत म्हणजे मोहरा दिलेल्या १४ पैकी ९ वेळा माझ्याकडे दीड मिनिटाहून जास्त वेळ होता. म्हणजे वेळ असताना बघत नाही आणि बघायला लागतो तेव्हा वेळ नसतो. तिरकीचाल, तुम्ही म्हणालात तशी ही सवयच आहे, शैली नाही. प्यादेपती, तुमचंही पटतं, कारण जिंकलेल्या डावांत हल्लाच आहे, दुसरं काही नाही.

काय बदललं: ३+२ वर आलो. रोज वीस सोपी कोडी, घड्याळाशिवाय. हत्तींचे एंडगेम आठवड्यातून दोनदा, लुसेना आणि फिलिडोर या ठरीव स्थिती. चाल खेळण्याआधी एकच प्रश्न, "याला काय करायचंय?" तो विचारायला एक सेकंद लागतो आणि अजून निम्म्या वेळा विसरतो.

रेटिंग? १६३० होतं, आता १५९५. हसा.

बुलेटराणी

सुरुवातीला पडतंच. हात नवीन सवय शिकत असतो. शिवाय ३+२ ची सवयच नाही अजून.

घड्याळजी

दोन सेकंदांचा विजय असो.

तिरकीचाल

आकडे बघून मी माझेही चाळीस डाव काढले. 'वेळ' फक्त ४. 'मोहरा' २३. लोकांना शैली शिकवत फिरतोय मी. हे कोणाला सांगू नका.

प्यादेपती

मुलीनं माझे काढून दिले. पाने जपून ठेवली आहेत, प्रसिद्ध करणार नाही.

वजीरबाई

@अडीचघर, १५९५ ची काळजी सोडा. वेळेवर हरणं किती झालं या तीन आठवड्यांत?

अडीचघर

बत्तीस हरलो, त्यातले वेळेवर पाच.

आणि एक सांगायचं राहिलं. काल लंडन, १५ वी चाल. उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, त्यानं किल्लेकोट केलेला. त्याचा एफ६ चा घोडा नुकताच ई४ वर येऊन मारला गेला होता. एफ६ रिकामं. ई७ वर उंट? नाही, बदलला होता. वजीर? बी६ वर चरत होता. त्याचा पांढऱ्या घरांचा उंट अजून सी८ वर, पुढे स्वतःचंच ई६ चं प्यादं. चार सेकंद लागले. एच७ वर उंट टाकला.

लंगडाहत्ती

आणि???

अडीचघर

राजानं खाल्ला. घोडा जी५, शह. राजा जी८. वजीर एच५.

मग त्यानं चालच केली नाही. हारही मानली नाही. घड्याळ चालू ठेवून निघून गेला. त्याचे एक मिनिट चाळीस सेकंद होते. माझा डाव जिंकलेला, माझ्याकडे दोन मिनिटं शिल्लक, आणि मी त्याचं घड्याळ बघत बसलो.